सावलीत असूनही कोंबड्या का गेल्या?

घरामागच्या अंगणात आठ कोंबड्या पाळणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरातली मोठी माणसं दिवसभर कामावर असतात आणि मोकाट कुत्र्यांची भीती असते, म्हणून सकाळी नऊला कोंबड्या पत्र्याच्या खुराड्यात बंद करून त्या निघतात. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आतल्या दोन कोंबड्या मेल्या. शाळेतून आधी घरी आलेल्या बारा वर्षांच्या मुलीनं ते पाहिलं. ‘सावली होती, पाणी भरलेलं होतं, मग काय चुकलं?’ असं ताई विचारतात. यंदाही ऊन तापायला लागल्यापासून कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. अंडी कमी झाली आहेत आणि कवचं पातळ येतात. मुलगी म्हणते, त्यांना घरात घ्या, नाहीतर कूलर आणा. जाऊबाई म्हणतात, ‘कोंबड्या उन्हातच वाढतात, नसते लाड नकोत.’ मका उष्ण पडतो असं कुणीतरी सांगितल्यावर ताईंनी तो बंद केला. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या कोंबड्यांवर पाइपनं पाणी मारतात. आता कूलर घ्यावा की कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘एक कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली आहे, तिला तसंच राहू द्यावं का?’

ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘सावली होती’ या दोन शब्दांपाशी मी थांबले. तुम्ही निष्काळजी नव्हता. पाणी भरलं होतं, दार लावलं होतं, कुत्र्यांचा विचार केला होता. फक्त पत्र्याच्या बंद खुराड्यात जी असते ती सावली नव्हे. तिथे ऊन पडत नाही, एवढंच.

येत्या सुट्टीच्या दिवशी एक गोष्ट करून पाहा. साधा तापमापक खुराड्यात कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर टांगा आणि दुसरा एखाद्या झाडाखाली. दुपारी दोन-अडीचला दोन्ही आकडे वाचा. कोंबड्या त्या वेळी मोकळ्या असू द्या. रिकामं खुराडंही झाडाखालच्यापेक्षा जास्त तापलेलं दिसेल. त्यात आठ जिवंत अंगांची ऊब आणि त्यांच्या श्वासातला ओलावा मिळवा, म्हणजे त्या दिवशी आत काय झालं असेल याचा अंदाज येईल. तापलेला पत्रा वरून भट्टीसारखी आच सोडत असतो. हवा हलत नाही. ओल्या विष्ठेची वाफ आतच राहते.

कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा बरंच जास्त, म्हणजे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. तिला घाम येत नाही, कारण घर्मग्रंथीच नसतात. वर पिसांचं पांघरूण. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्य वाटा दोनच आहेत. पहिली वाट उघड्या कातडीची: तुरा, चोचीखालचे लाल कल्ले, पाय आणि पंखांखालची विरळ पिसांची जागा. गरम रक्त तिथे येतं आणि हवेत ऊब सोडून परत जातं. म्हणून तर कोंबड्या पंख अंगापासून सोडून उभ्या राहतात. पण हवा अंगापेक्षा थंड असेल तरच हे साधतं. हवा तापत गेली की ही वाट अरुंद होत जाते. मग उरते दुसरी वाट, श्वासाची. चोच उघडून, गळा थरथरवत ती आतला ओलावा वाफेच्या रूपानं बाहेर टाकते आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते. पण भोवतालची हवा कोरडी आणि हलती असेल तरच वाफ नीट होते.

बंद पत्र्याच्या खोक्यात या दोन्ही वाटा एकाच वेळी बुजतात. हवा जवळपास अंगाइतकी गरम आणि वर ओलाव्यानं भरलेली. कोंबडी धापा टाकत राहते, पण उष्णता बाहेर जात नाही. धापा टाकणं हेसुद्धा शेवटी स्नायूंचं काम, त्यातून उलट आणखी उष्णता तयार होते. मग एखादी कोंबडी तासाभरातही जाते. पाण्याचं भांडं शेजारी असूनही जाते, आणि ते पाणीही तोवर चहासारखं झालेलं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मुलीलाही ते असंच, कारणासकट सांगा. ‘नशीब’ म्हणून सोडून दिलेल्या मरणापेक्षा समजलेलं मरण मुलं जास्त धीरानं घेतात, असा माझा अनुभव आहे.

आता जाऊबाईंचं. त्या निम्म्या बरोबर आहेत, आणि तो निम्मा भाग महत्त्वाचा आहे. आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. उष्ण प्रदेशातलाच पक्षी. पण तो भर दुपारी उघड्यावर हिंडत नाही. तो झाडोऱ्यात, बांबूच्या बेटांत असतो, पाला उकरून गार मातीत बसतो आणि चरायला सकाळ-संध्याकाळ निघतो. मोकळ्या कोंबडीला दुपारी कुठे बसायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. पत्र्यात बंद केलेल्या कोंबडीची मात्र ती निवड आपण काढून घेतलेली असते. लाड नकोत, हे खरंच आहे. निवड परत द्यायची आहे.

त्या धापांनाही घाबरू नका. साधारण तीस अंशांच्या आसपास बहुतेक कोंबड्या चोच उघडायला लागतात. तो आजार नाही, ती दुसरी वाट चालू झाल्याची खूण आहे. पस्तिशीच्या पुढे मात्र लक्ष ठेवायला हवं, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधीपासून. सकाळच्या गारव्यातही कोंबडी तोंड उघडं ठेवत असेल, श्वासाला घरघर असेल, नाका-डोळ्यांतून पाणी येत असेल, तर ते उन्हाचं दुखणं नव्हे. तिला वेगळं ठेवून पशुवैद्यकाला दाखवा.

कूलरबद्दल मला काळजी वाटते, ती खर्चाची नाही. कूलर हवेत ओलावा सोडून गारवा आणतो. हवा कोरडी असेल आणि चहूबाजूंनी ती बाहेर जायला वाट असेल, तर छान चालतो. बंद खुराड्यात तोच ओलावा साचतो आणि कोंबडीची श्वासाची वाट बुजवतो. शिवाय तुम्ही घरी नसता. दुपारी वीज गेली तर कूलरच्या भरवशावर बंद केलेलं खुराडं पुन्हा गेल्या वर्षीचंच होईल. माणूस नसताना जे आपोआप चालू राहील त्यावरच विसंबावं. घरात आणण्याचं म्हणाल, तर आजारी कोंबडीसाठी एखादी गार मोरी जरूर वापरा. पण रोज आठ कोंबड्या पकडून आत-बाहेर करायच्या म्हणजे त्यांना रोज घाबरवायचं, आणि घाबरलेल्या, फडफडणाऱ्या अंगात उष्णता वाढते.

तुम्ही कूलर की देऊन टाकणं असा पेच मांडलात. मला खरा पेच वेगळा दिसतो: कुत्रा की उन्हाळा. बंद केलं तर ऊन मारतं, सोडलं तर कुत्रा. या दोहोंतून सुटायला भिंत काढून जाळी लावायची. खुराड्याला लागून झाडाच्या सावलीत जाळीचं बंदिस्त आवार करा. दर कोंबडीला निदान एक चौरस मीटर जागा मिळेल असं पाहा, जास्त असेल तर उत्तमच. जाळी जाड तारेची, सांधे जोडलेली घ्या. पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, ती तो दातांनी फाडतो. जाळीचा खालचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूट-दीड फूट आडवा पसरून त्यावर दगड-माती टाका, म्हणजे खालून उकरून आत येणं जमत नाही. वरूनही जाळी हवी आणि तिच्यावर शेडनेट किंवा चटई. खुराड्याचं आवारात उघडणारं दार दिवसभर उघडं राहू द्या. तुम्ही नऊला निघाल तेव्हा कोंबड्या सुरक्षितही असतील आणि आपली जागा आपण निवडतील.

हे सगळं या आठवड्यात होणार नसेल, तर निदान खुराड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे पत्रे काढून तिथे तीच जाळी ठोका. दोन बाजू म्हणते, कारण एकाच बाजूला भोक पाडलं तर वारा आत येऊन अडकतो. जाळी कोंबडीच्या अंगाच्या उंचीवर हवी. छताजवळची पट्टी तापलेली हवा बाहेर सोडायला उपयोगी आहे, पण खाली बसलेल्या कोंबडीला तिचा वारा लागत नाही. छतावर पांढरा रंग किंवा चुना द्या आणि त्याच्या वर वीतभर अंतर सोडून गवताचं किंवा चटईचं दुसरं छप्पर टाका. मधल्या फटीतून वारा वाहायला हवा. चटई थेट पत्र्याला चिकटवली तर निम्मा फायदा जातो.

रात्रीकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. दिवसाची झळ कोंबडी रात्री भरून काढते. खुराडं रात्रीही तापलेलं राहिलं, तर ती सकाळी थकलेलीच उठते आणि दुसरा-तिसरा दिवस तिला झेपत नाही. लागोपाठ गरम रात्री आल्या की मरतुक वाढते ती यामुळे. दांडीवर कोंबड्या एकमेकींना खेटून बसत असतील, तर उन्हाळ्यापुरती आणखी एक दांडी लावा. पंखा लावायचाच असेल, तर दुपारपेक्षा रात्री तो जास्त कामाचा आहे. दुपारची हवाच तापलेली असते, रात्रीची तुलनेनं गार असते. तार मात्र चोचीच्या टप्प्याबाहेर आणि पंखा जाळीच्या आड ठेवा. खालच्या गादीचंही बघा. हिवाळ्यात जाड अंथरलेला भुसा आतून कुजत ऊब देतो, ती तेव्हा हवी असते. आता ती काढून टाका आणि दोन इंच कोरडा थर ठेवा.

पाण्याकडे येते. थंड दिवसात एक मोठी कोंबडी साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात ते दुप्पट किंवा त्याहून जास्त होतं. तुमच्या आठ जणींसाठी दिवसाला निदान चार-पाच लिटर पाणी समोर हवं, आणि ते एकाच भांड्यात नको. उन्हात कोंबड्या फार चालत नाहीत, आणि एक दांडगी कोंबडी भांड्यापाशी ठाण मांडून बसली तर गरीब कोंबड्या तहानलेल्याच राहतात. तीन ठिकाणी ठेवा, तिन्ही सावलीत. मातीचं पाझरणारं भांडं प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी गार राहतं. निघताना प्रत्येकात गोठवलेल्या पाण्याची एक बाटली सोडा. कोंबडी गरम पाणी टाळते, आणि दुपारी पाणी टाळणं तिला परवडत नाही. मुलगी शाळेतून आली की तिचं पहिलं काम भांडी ओतून ताजं पाणी भरणं. क्षारांची पावडर फार कडक दिवसांत पाकिटावर दिलेल्या प्रमाणात एका भांड्यात द्या, पण शेजारी साधं पाणी असलंच पाहिजे आणि ही पावडर रोजची सवय होता कामा नये.

पाइपनं अंगावर पाणी मारणं मात्र बंद करा. उन्हात पडलेल्या पाइपमधलं सुरुवातीचं पाणी हात पोळण्याइतकं तापलेलं असतं. पिसांवर पाणी निथळून जातं, कातडीपर्यंत फारसं पोचत नाही. कोंबड्या मात्र घाबरून पळतात आणि खुराड्याभोवती चिखल आणि दमट हवा तयार होते. तेच पाणी, आधी थोडं वाहू देऊन, झाडाखालच्या मातीवर शिंपडा. ओल्या मातीत खळगे करून त्या पोट टेकून बसतील. एका पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी ठेवा. काहीजणी त्यात पाय बुडवून उभ्या राहतील. पायांतून बरीच ऊब जाते. काहीजणी ढुंकूनही बघणार नाहीत, त्यांना ढकलू नका.

मक्याला उगाच दोष मिळाला आहे. कुठलंही खाद्य पचताना उष्णता निर्माण होते, आणि त्यात मक्यापेक्षा जास्तीची प्रथिनं पुढे असतात. मका पोटभर झाला तर बाकीचं पोषण मागे पडतं, म्हणून तो थोडाच द्यावा. ‘उष्ण’ म्हणून तोडायची गरज नाही. वेळेचा प्रश्न मोठा आहे. खाल्ल्यावर काही तासांनी पचनाची उष्णता वाढते, म्हणजे सकाळी दहाला भरपेट खाल्लेलं नेमकं भर दुपारी अंगावर येतं. तेव्हा उजाडताच खाद्य द्या, निघताना भांडं उचला आणि उरलेलं संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या. कलिंगडाच्या साली, काकडी असं काही दुपारी ठेवलं तर चालेल, पण मूठभरच. भिजवलेलं खाद्य द्याल तर तास-दीड तासात उरलेलं उचला. उन्हात ते आंबतं, बुरशी धरतं.

अंड्यांचं कोडंही या धापांतच आहे. जोरजोरात श्वास टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे कवचासाठी लागणारा कच्चा माल अपुरा पडतो. त्यात खाणंही कमी झालेलं असतं. त्यामुळे पातळ कवच, लहान अंडं, मधूनच खाडा, हे सगळं ओघानं येतं. दिवसभराच्या धापा कमी झाल्या की कवच सुधारतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, संध्याकाळी तर नक्कीच, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं. अंडी वाढवायला औषधं, टॉनिक किंवा रात्रीचे दिवे यांच्या मागे आता लागू नका. तिचं अंग स्वतःला वाचवण्यात गुंतलं आहे. अंडी मात्र दिवसातून दोनदा उचला. कोंबडा असेल तर तापलेल्या घरट्यात पडून राहिलेल्या अंड्यात गर्भाची वाढ सुरू होऊ शकते.

आठही कोंबड्यांना सारखंच ऊन सोसेल असं धरू नका. वजनदार, दाट पिसांच्या, लहान तुऱ्याच्या आणि म्हाताऱ्या कोंबड्या आधी कोसळतात. हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या आणि उघड्या मानेच्या जास्त तग धरतात. मांसासाठीची जलद वाढणारी जात त्यात असेल, तर तिला सर्वांत आधी जपा. आणि आकड्याइतकंच वाढीच्या वेगाकडेही बघा. ऊन हळूहळू चढलं तर अंग काही दिवसांत सरावतं. एका रात्रीत झळा सुरू झाल्या की मोसमातला पहिला तडाखाच जास्त घातक ठरतो.

तरीही एखादी पडली तर काय करायचं, हे तुम्हाला आणि मुलीला, दोघींनाही पाठ हवं. कोंबडी एका जागी डोळे मिटून बसली आहे, मान टाकते आहे, उठवल्यावर लडखडते, तुरा फिकट किंवा निळसर झाला आहे, तर वाट पाहू नका. सावकाश उचला, वारा लागेल अशा सावलीत न्या. बादलीत साधं गार पाणी घ्या, बर्फाचं नको, कारण एकदम बर्फगार पाण्यानं तिला धक्का बसू शकतो. पाय आणि पोट त्यात बुडवा, डोकं आणि छाती वर धरून ठेवा. तुऱ्यावर आणि कल्ल्यांवर ओलं फडकं फिरवा. पाच-दहा मिनिटांत मान सावरली तर बाहेर काढा, पुठ्ठ्यानं किंवा हलक्या पंख्यानं वारा घाला. चोचीच्या कडेला पाण्याचे थेंब लावा, ती आपणहून गिळेल. चोच फाकून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि उन्हातून वाचलेली कोंबडी त्यानं जाते. उभी राहिली तरी त्या दिवशी तिला कळपात परत सोडू नका. बाकीच्या तिला टोचतील. रात्री गार जागी एकटी ठेवा.

दुपारी बाकी कुठलीही उठाठेव नको. जंताचं औषध, नखं कापणं, नव्या कोंबड्या आणणं, हे सगळं पहाटे किंवा रात्री.

देऊन टाकण्याबद्दल मी नाही म्हणणार नाही. जाळी, छप्पर आणि पाणी यांतलं काहीच या उन्हाळ्यात जमणार नसेल, तर चार महिन्यांसाठी झाडाखाली मोकळ्या राहतील अशा ओळखीच्या ठिकाणी त्या ठेवणं हाही प्रेमाचाच निर्णय आहे. पण ‘मला जमत नाही, मी दोन मारल्या’ या ओझ्याखाली देणार असाल, तर आधी वर लिहिलेलं करून पाहा. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्हाला त्या द्यायच्या नाहीत. फक्त मुलीनं ते पुन्हा पाहू नये, एवढंच हवं आहे. मग त्या दुपारपासून तिला लांब ठेवण्यापेक्षा आवार बांधताना तिला हाताशी घ्या. तापमापक वाचून वहीत आकडे मांडायचं काम तिचंच असू दे. पत्रे काढण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा तिनं स्वतः लिहू दे.

राहिली ती खुडूक. तिला तसंच राहू देऊ नका. खुडूक कोंबडी घरट्याच्या कोंदट कोपऱ्यात एकवीस दिवस बसायला तयार असते, दिवसातून जेमतेम एकदा उठते, आणि तहान लागली तरी अंड्यांवरून हलत नाही. माझी एक अशीच गेली, बाकी सगळ्या झाडाखाली धडधाकट असताना, कारण ती ‘आपली शांत बसली आहे’ असं मी समजत होते. तुम्हाला पिल्लं हवी असतील तर तिचं घरटं जमिनीवर, वारा लागेल अशा सावलीत हलवा, पाणी चोचीच्या अंतरावर ठेवा आणि पहाटे नि संध्याकाळी तिला स्वतः उचलून खाली उतरवा. पिल्लं नको असतील तर खालून जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तिला दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस सावलीत ठेवा. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा उतरतो आणि अंगही गार राहतं. ती कुरकुर करेल, फुगेल, हाताला टोचेल. तरी आज संध्याकाळी घरी पोचलात की सगळ्यांत आधी तिलाच उचलून पाण्यापाशी न्या.